गाडी येते, मग वर्ग कशाला? अमेरिकेतल्या मोटरसायकल प्रशिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत मोटरसायकलचं लायसन्स आणि त्यासाठीचं प्रशिक्षण हा राज्यांचा कारभार. केंद्राचं वाहतूक सुरक्षा खातं मार्गदर्शक तत्त्वं काढतं, थोडा निधी देतं, आणि बाजूला होतं. वर्ग कुणी घ्यायचा, कुणाला सक्तीचा करायचा, फी किती, प्रशिक्षकाला मान्यता कोण देणार, हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. बऱ्याच राज्यांचा अभ्यासक्रम मात्र एकाच ठिकाणहून येतो: १९७३ साली स्थापन झालेल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनकडून, म्हणजे एमएसएफकडून. खालच्या उत्तरांत जिथे राज्याचं नाव नाही तिथे एमएसएफचा पायाभूत अभ्यासक्रम धरावा.

पुण्यात बारा वर्षं बुलेट चालवली आहे. महाराष्ट्राचं गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स हातात आहे. इथे म्हणतात वर्गाला बसावंच लागेल. खरं का? आणि मला तिथे नवीन काय शिकवणार? (डॅलस, टेक्सस)

खरं आहे. टेक्ससमध्ये मोटरसायकलचं, म्हणजे क्लास एम, लायसन्स काढणाऱ्या प्रत्येकाला मान्यताप्राप्त वर्ग पूर्ण करावा लागतो. वयाची सूट नाही. २०२० च्या सप्टेंबरपासून तिथला हा कार्यक्रम पोलीस-लायसन्स खात्याकडून काढून टीडीएलआर या परवाना खात्याकडे दिला आहे, त्यामुळे शाळा मान्यताप्राप्त आहे की नाही ते त्या खात्याच्या यादीत पाहावं. भारतीय लायसन्स बदलून टेक्ससचं मिळत नाही. कारचं पूर्ण लायसन्स असलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाला वर्गानंतर सरकारी चालवण्याची परीक्षा माफ होते, हा त्यातला फायदा.

नवीन काय शिकवणार, याचं उत्तर जरा खोचक आहे. नवीन थोडं, जुन्या सवयी मोडायच्या जास्त. बारा वर्षांचा अनुभव असलेली माणसं या वर्गात अडखळतात ती ठरावीक जागांवर.

पहिली जागा ब्रेक. आपल्याकडे अनेकांना घरच्यांनी सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. मग सगळा भार मागच्या ब्रेकवर. थांबण्याची ताकद सुमारे ७० टक्के पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या मागच्या चाकाला जोरात ब्रेक लावला की ते अडकतं आणि घसरतं. उलटायला होतं ते लिव्हर एकदम खेचल्याने. हळूहळू पिळत वाढवल्याने नाही. म्हणून वर्गात चारही बोटांनी, एकसारखा वाढत जाणारा दाब द्यायला लावतात, आणि ब्रेक लावायचा नसेल तेव्हा बोटं लिव्हरवर विसावू देत नाहीत. शहरात दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवून चालवणाऱ्याला हे दोन दिवस जड जातं.

दुसरी जागा नजर. वळताना आपण पुढच्या चाकाकडे किंवा खड्ड्याकडे पाहतो. गाडी नजरेमागे जाते. खूण म्हणून मांडलेल्या प्लॅस्टिकच्या कोनकडे पाहिलं की कोनवरच जाते. वळणात मान वळवून, जिथून बाहेर पडायचं तिकडे पाहायचं. ऐकायला सोपं आहे, पण यू टर्नसाठी आखलेल्या चौकोनात बहुतेकांची मान अर्ध्यातच परत फिरते.

तिसरी, पाय. वेग कमी झाला की दोन्ही पाय खाली लोंबवत चालवायची सवय. परीक्षेत यू टर्न घेताना पाय टेकला की गुण गेले.

आणि बुलेट जुनी, उजव्या पायाच्या गिअरची असेल तर सगळ्यात आधी हे: वर्गातल्या गाडीत गिअर डाव्या पायाशी, ब्रेक उजव्या पायाशी, पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. घाबरल्यावर पाय जुन्या जागी जातो. पहिल्या तासाला प्रशिक्षकाला हे आपणहून सांगा, तो तुमच्याकडे वेगळं लक्ष ठेवील.

रस्त्याची बाजू उलटी आहे ते तुम्ही कारमुळे शिकलाच असाल. मोटरसायकलवर त्याचा एक वेगळा अर्थ होतो. लॉस एंजेलिसमधल्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला; हर्ट अहवाल म्हणून तो ओळखला जातो. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत समोरून डावीकडे वळणारी कार हे त्यात वारंवार येणारं चित्र आहे. मोटरसायकलवाल्याला सावरायला मिळालेला वेळ दोन सेकंदांपेक्षा कमी. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: अपघातात सापडलेल्या मोटरसायकलवाल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच, किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. थोरल्या भावाने मैदानावर शिकवलं, ही काही फक्त आपली रीत नव्हे.

सहा जणांमागे एक प्रशिक्षक हवाच, असा नियम आहे म्हणे. आमच्या गटात सात जण आहेत. एकासाठी दुसरा प्रशिक्षक, म्हणजे दुप्पट खर्च. थोडी सवलत मिळत नाही का? (ऑस्टिन)

नाही, आणि मागूही नये. मैदानावर एका प्रशिक्षकाकडे जास्तीत जास्त सहा शिकाऊ. सात ते बारापर्यंत दोन प्रशिक्षक. बाराच्या वर वर्गच होत नाही.

सहाचा आकडा कुठून आला असेल ते मैदानावर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. पहिल्या सत्रात माणूस हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे डोलवायला शिकतो, मग क्लच अर्धवट सोडून पायांनी चालत गाडी नेतो. याच वेळी नेहमीची गडबड होते. क्लच एकदम सुटतो, गाडी उसळते, उसळीने शरीर मागे जातं, आणि मागे गेलेला उजवा हात अॅक्सिलरेटर आणखी पिळतो. म्हणजे घाबरून माणूस स्वतःच वेग वाढवतो. हे घडायला सेकंद लागतो. प्रशिक्षकाची नजर त्या क्षणी त्या माणसाच्या डाव्या हातावर असेल तर तो आधीच ओरडतो, ‘क्लच!’ सहा गाड्या एका ओळीत नजरेत राहतात. आठव्या गाडीपर्यंत डोकं वळेतो पहिली गाडी कुंपणात असते.

दोन प्रशिक्षक असले तरी दोघं शेजारी गप्पा मारत उभे नसतात. काही सरावांत मैदानाचे दोन भाग करून प्रत्येकाकडे सहा गाड्या दिल्या जातात. काहींत एक जण करून दाखवतो आणि दुसरा बोलतो. प्रशिक्षकाने गाडीच्या वाटेसमोर कधीही उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हाही नियमच. कारण वरच्याच उसळीत आहे.

सात जणांचं म्हणाल तर एकाला दुसऱ्या तुकडीत पाठवा.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहाचं पार्किंग मोठं आहे. रविवारी रिकामंच असतं. तिथे सभासदांसाठी असा वर्ग ठेवता येईल का? काय काय लागतं? (न्यू जर्सी)

मंडळ स्वतः वर्ग घेऊ शकत नाही. राज्याच्या यादीतली शाळा तुमच्या जागेवर वर्ग घेऊ शकते, पण जागा आधी मंजूर करून घ्यावी लागते. अर्ज करण्याआधी टेप घेऊन जा आणि पुढच्या गोष्टी स्वतः पाहा. निम्म्या जागा इथेच बाद होतात.

पूर्ण आकाराच्या मैदानाची आखणी २२० फूट लांब आणि १२० फूट रुंद. त्याच्या चारी बाजूंना २० फूट मोकळी, अडथळा नसलेली जागा. म्हणजे प्रत्यक्षात २६० गुणिले १६० फूट. आपल्या हिशेबात जवळपास ३८ गुंठे, एकराला थोडी कमी. पार्किंग मोठं दिसतं, पण मध्ये दिव्याचा एक खांब उभा असला की संपलं. खांब, सिमेंटचे कठडे, झाडांची आळी, गाडी अडवायचे ठोकळे, पाण्याच्या जाळ्या, मॅनहोलची झाकणं: यातलं काहीही आखणीत किंवा कडेच्या २० फुटांत नको. २० फूट का? ताशी १५ मैलांनी गाडी सेकंदाला २२ फूट जाते. वाट चुकलेल्या शिकाऊला सावरायला जेमतेम एक सेकंद मिळतो तो त्या पट्ट्यात. तेवढाही खांबाने खाल्ला तर उरत नाही काही.

जमीन डांबरी किंवा काँक्रीटची, सपाट. पाणी वाहून जाण्यापुरता उतार चालतो. भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या चकचकीत पट्ट्या बघा. त्या उन्हात मऊ होतात आणि ओल्या झाल्या की निसरड्या, आणि बरोबर ब्रेकच्या सरावाच्या जागी आल्या तर गाडी तिथेच घसरणार. गाड्या उभ्या राहून पडलेले तेलाचे डाग धुवून घ्या. बारीक खडी झाडून काढा, आणि शनिवारी झाडली म्हणून रविवारी तशीच सोडू नका. रात्रीत कारच्या टायरांबरोबर परत येते.

आखणी रंगाच्या छोट्या खुणांनी करतात आणि प्रत्येक सरावाला त्या खुणांवर कोन मांडतात. पार्किंगच्या मूळ पांढऱ्या रेघा ठळक असतील तर शिकाऊ गोंधळतात, म्हणून वेगळ्या रंगात खुणा कराव्या लागतात. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी यासाठीच आधी हवी. रंग मारून झाल्यावर विश्वस्तांना कळलं, तर पुढचे दोन रविवार भांडणात जातील.

वर्ग चालू असताना जागा रहदारीला पूर्ण बंद. देवळाच्या किंवा सभागृहाच्या जागेत नेमकं हेच जमत नाही. कुणीतरी ‘फक्त प्रसादाचं सामान उतरवतो’ म्हणून कार आत घालतं. दोरी किंवा अडथळा लावा, आणि दाराशी एक खमका माणूस बसवा.

मैदानावर लागणारं सामान फार नाही: अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, पाणी, सावली, जवळ स्वच्छतागृह. याशिवाय एक कागद, ज्यावर जागेचा पूर्ण पत्ता आणि आत येण्याचं नेमकं प्रवेशद्वार मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आणीबाणीच्या ९११ ला फोन लावल्यावर घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या मंडळाचा पत्ता आठवत नाही.

गाड्या शाळा आणते. प्रत्येक शिकाऊला स्वतंत्र गाडी, वर एक-दोन राखीव, कारण पडल्यावर क्लचची नाहीतर ब्रेकची लिव्हर वाकते. साधारण ५०० सीसीच्या आतल्या, हलक्या, बुटक्या गाड्या असतात. तुमची स्वतःची मोठी गाडी आणायचा मोह टाळा. विमा शाळेचा असतो, पण जागेच्या मालकाचं नाव त्यात घालून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत मंडळाच्या फायलीत ठेवा.

वर्गात कुणी पडलं तर पुढे काय करतात? नियम आहे का काही? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

आहे. आधी सगळ्या गाड्या थांबवायच्या. प्रशिक्षकाने हात वर करून थांबण्याची खूण केली की जिथे आहात तिथे थांबायचं, इंजिन बंद. मग माणसाकडे जायचं, गाडीकडे नाही. धावत जाऊन गाडी उचलणं ही पहिली चूक. इंजिन चालू असेल तर फक्त बंद करायचं. माणूस आपणहून उठत नसेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही आणि हलवायचंही नाही. किरकोळ खरचटलं तरी घटनेचा लेखी अहवाल त्याच दिवशी भरायचा: कोणता सराव, कुठल्या खुणेशी, जमीन कशी, काय घडलं. राज्याचे तपासनीस येतात तेव्हा हे कागद पाहतात. एकाच खुणेशी तीन जण पडले असतील तर दोष शिकाऊंचा नसतो, जमिनीचा असतो, आणि ते फक्त अहवाल शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसतं.

मुलगी सतरा वर्षांची आहे, कारचं लायसन्स आहे. तिला मोटरसायकल शिकायची आहे. आईवडील म्हणून आम्हाला काय करावं लागेल? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

कॅलिफोर्नियात २१ वर्षांखालच्यांना राज्याचा वर्ग सक्तीचा. कार्यक्रम हायवे पेट्रोलकडे, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे आहे. २०१५ पासून तिथे एमएसएफचा नाही, टोटल कंट्रोल या संस्थेचा अभ्यासक्रम चालतो. १५ तास, त्यातले १० गाडीवर.

क्रम चुकवू नका, कारण इथेच सहा महिने वाया जातात. आधी वर्ग. तो पूर्ण झाला की शाळा डीएल ३८९ हे प्रमाणपत्र देते. ते घेऊन डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, लेखी परीक्षा आणि शिकाऊ परवाना. तो परवाना सहा महिने हातात राहिला की मग लायसन्स, आणि प्रमाणपत्रामुळे डीएमव्हीची चालवण्याची परीक्षा माफ. प्रमाणपत्र एक वर्षच चालतं, म्हणून वर्ग करून ‘बघू पुढच्या उन्हाळ्यात’ म्हणू नये. शिकाऊ परवान्यावर रात्री चालवता येत नाही, फ्रीवेवर जाता येत नाही, मागे कुणाला बसवता येत नाही. ती १८ च्या खाली आहे, तेव्हा तुमच्या सह्या लागतील.

२१ च्या वरच्यांना वर्गाऐवजी थेट डीएमव्हीची परीक्षा द्यायची मुभा आहे. तरी वर्गच करावा असं आम्ही सांगू. डीएमव्हीची परीक्षा म्हणजे अरुंद वर्तुळात पाय न टेकता फिरण्याची कसरत. आरटीओतल्या आठच्या आकड्याची भावंडच म्हणा. तिची रट्टा मारून तयारी होते. झटकन थांबणं आणि समोर आलेली वस्तू चुकवणं तिच्यातून शिकून होत नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी मला ‘आज इथेच थांबा’ म्हणून घरी पाठवलं. मी एकदाच पडलो होतो. हा अन्याय नाही का? फी परत मिळेल का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

एकदा पडला म्हणून सहसा पाठवत नाहीत. पडण्यामागचं कारण सुटत नसेल तर पाठवतात. सराव एकावर एक रचलेले असतात: हाफ क्लच जमला नाही तर सरळ रेषेत सुरू करणं-थांबणं जमत नाही, ते नाही तर गिअर बदलणं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तर वळणातून थांबायचं आणि अडथळा चुकवायचा असतो. मागे राहिलेला माणूस पुढच्या सरावात स्वतःला आणि मागून येणाऱ्यालाही धोक्यात घालतो. त्याला थांबवणं हे प्रशिक्षकाच्या कामातच लिहिलेलं आहे. न थांबवणारा प्रशिक्षक वाईट.

ज्यांना कधी सायकलही धड आली नाही, त्यांच्यावर ही पाळी जास्त येते. वर्ग ‘मोटरसायकल न येणाऱ्यांसाठी’ असतो, तोल न येणाऱ्यांसाठी नाही. महिनाभर सायकल चालवा, वळताना मान वळवायची सवय करा, आणि परत नाव घाला.

फीचं उत्तर शाळेच्या करारात असतं, आणि तो आपण न वाचता सही केलेला असतो. काही शाळा पुढच्या तुकडीत फक्त गाडीचा भाग कमी पैशांत परत करू देतात. ते आधी विचारा. उशिरा आल्यामुळे बाद झाला असाल तर मात्र काही मागू नका. नेमून दिलेले तास पूर्ण झाल्याशिवाय शाळेला प्रमाणपत्र देता येत नाही, त्यामुळे पाच-दहा मिनिटांवरूनही ते परत पाठवतात.

परीक्षेचंही सांगून टाकतो. लेखीत ८० टक्के. गाडीवर चार गोष्टी: छोट्या गाडीला २० फूट रुंद चौकोनात यू टर्न, अडथळा चुकवणं, झटकन थांबणं, वळण. चुकांचे गुण कापत जातात. २० पेक्षा जास्त गेले की नापास. गाडी पडली की गुण मोजायचा प्रश्नच नाही, थेट नापास. गुण जातात ते सगळ्यात जास्त घाईने. झटकन थांबायच्या परीक्षेत लोक खुणेच्या आधीच ब्रेक लावतात आणि मग परत चालवायला लागतं.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर? (शिकागोजवळ)

अनुभवी चालक असणं ही फक्त सुरुवात. मोटरसायकलचं चालू लायसन्स, स्वच्छ रेकॉर्ड, आणि मग प्रशिक्षकांचा वेगळा अभ्यासक्रम. त्यात आधी स्वतः मूळ वर्गाची परीक्षा सफाईने द्यायची, मग उमेदवारांनी एकमेकांना शिकवायचं, आणि शेवटी खऱ्या शिकाऊंची तुकडी ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घ्यायची. चांगले चालवणारे इथे नापास होतात ते बोलण्यामुळे. सराव सांगायचा तो पुस्तिकेतल्या क्रमाने आणि तेवढ्याच शब्दांत. ‘मी तर असं करतो’ हे वाक्य काढलं की गेले. मुदत संपण्याआधी मान्यता नव्याने घ्यावी लागते आणि मधल्या काळात ठरावीक वर्ग घेतलेले असावे लागतात.

इलिनॉयमध्ये वर्ग जवळजवळ फुकट आणि शेजारच्या राज्यांत शेकडो डॉलर. हे पैसे येतात कुठून? (त्याच वाचकाचा प्रश्न)

मोटरसायकलवाल्यांकडूनच. नोंदणीच्या आणि लायसन्सच्या फीतला काही भाग प्रशिक्षणाच्या वेगळ्या निधीत जातो. इलिनॉयमध्ये परिवहन खातं तो निधी विद्यापीठांसारख्या संस्थांमार्फत चालणाऱ्या वर्गांना देतं. जागा राखायला घेतात ते २० डॉलर परत मिळतात. ते कमाईसाठी नाहीत, नाव घालून न येणाऱ्यांसाठी आहेत. फुकट वर्गाचा मोठा शत्रू तोच: बारा जागा भरलेल्या, शनिवारी आठच हजर, आणि बाहेर यादीत माणसं तिष्ठत. पेन्सिल्वेनियातही तिथल्या रहिवाशांना राज्याचा वर्ग फुकट आहे.

असा निधी राज्याच्या डोळ्यांत भरतो, हे ओघाने आलंच. इलिनॉयने त्यातले पैसे सर्वसाधारण तिजोरीत वळवले, तेव्हा अबेट या मोटरसायकलवाल्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. २०११ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसा सरकारी आहे, विधिमंडळ तो वळवू शकतं. केंद्राच्या निधीच्या अटींत मात्र एक निकष आहे, की मोटरसायकलवाल्यांकडून प्रशिक्षणासाठी घेतलेली फी प्रशिक्षणावरच खर्च होते का. पण तो अनेक निकषांपैकी एक. सगळे पाळावे लागत नाहीत.

एवढं करून अपघात खरंच कमी होतात का? (सिअॅटल)

ठामपणे ‘हो’ म्हणता येत नाही. जगभरातल्या अभ्यासांची कोक्रेन संस्थेने २०१० साली छाननी केली, तेव्हा कोणत्या प्रशिक्षणाने अपघात घटतात हे सांगण्याइतका भक्कम पुरावा हाती लागला नाही. अडचण समजण्यासारखी आहे. स्वतःहून वर्गाला येणारा माणूस मुळातच सावध असू शकतो. उलट वर्ग केल्यावर जो जास्त चालवतो त्याचा धोकाही वाढतो. मैदानावर वेग ताशी २० मैलांच्या आसपास, दुसऱ्या गिअरपर्यंत. रस्त्यावर ४० असतो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. दोन दिवसांत झटकन थांबायची रीत हाताला कळते, मुरत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर दर महिन्याला एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास तेच सराव करणारा माणूस आम्ही क्वचित पाहतो.

हेल्मेटचं तसं नाही. तिथे पुरावा स्वच्छ आहे: केंद्राच्या सुरक्षा खात्याच्या अंदाजाने चालकाचा मृत्यू टाळण्यात ते ३७ टक्के परिणामकारक, मागे बसलेल्याचा ४१ टक्के. तरी इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत ते सक्तीचं नाही. टेक्ससमध्ये तर २१ च्या वरच्या माणसाने वर्ग केला असेल तर हेल्मेटमधून सूट मिळते. वर्गाचं हे बक्षीस आम्हाला उलटंच वाटतं. मैदानावर मात्र कुठल्याही राज्यात हेल्मेटशिवाय बसू देत नाहीत.

असं मैदान आमच्याकडे काढायचं असेल तर कायदा आड येतो का? (सातारा)

आड येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २४ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना लागतो, पाच वर्षांचा. प्रशिक्षक किमान दहावी पास, पाच वर्षं चालवण्याचा अनुभव, आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र. मोठं काढायचं असेल तर १ जुलै २०२१ पासून लागू झालेले मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचे नियम पाहा: दुचाकी, तीनचाकी आणि हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर जागा, दोन वर्गखोल्या, सिम्युलेटर, चाचणीचा ट्रॅक, आणि बारावी पास प्रशिक्षक. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. वर दिलेले ३८ गुंठे त्या एकरात बसतात, पण वर्गखोल्या आणि पार्किंग त्याच एकरात बसवायला गेलात तर कडेचे २० फूट सगळ्यात आधी जातील. जागा सव्वा-दीड एकर धरा.

आणि एक गोष्ट जागेशिवाय, पैशाशिवाय उद्याच करता येते: एका वेळी सहापेक्षा जास्त शिकाऊ गाडीवर बसवू नका.

थोडक्यात उत्तरं

*पुण्याहून आणलेलं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट चालेल का?* मैदानावर डॉटचं, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या मानकाचं लागतं. २०१३ नंतरच्या हेल्मेटच्या मागच्या चिकटपट्टीवर कंपनीचं नाव, मॉडेल, डॉट, एफएमव्हीएसएस क्रमांक २१८ आणि ‘सर्टिफाइड’ हा शब्द, हे सगळं असायला हवं. नुसतं ‘डॉट’ लिहिलेली सुटी पट्टी दुकानात मिळते. तिला काही अर्थ नाही.

*पाऊस आला तर?* वर्ग चालू राहतो, रेनकोट आणा. वीज चमकली की थांबतो.

*बूट कोणते?* घोटा झाकणारे. नाड्या आत खोचा; डाव्या नाडीत गिअर अडकतो आणि थांबताना पाय सुटत नाही. बाकी पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्या, जाड पँट, डोळ्यांना चष्मा किंवा काच.

*तीनचाकी मोटरसायकलवर परीक्षा दिली तर?* तिचा वर्ग वेगळा, आणि लायसन्सवर तीनचाकीपुरती अट पडू शकते. दोनचाकी चालवायची असेल तर दोनचाकीवरच द्या.